बोटीतून दिसलेला किनारा

लग्नानंतरची पहिली चार वर्षं आम्ही बोईसरला काढली. माझं माहेर आणि सासर दोन्ही बार्शीकडचं, त्यामुळे समुद्र मी फक्त कॅलेंडरवर पाहिलेला. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं, तिथल्या एका ठेकेदाराच्या ड्रॉइंग ऑफिसात ह्यांना ड्राफ्ट्समनची नोकरी लागली आणि आम्ही ह्या बाजूला आलो. स्टेशनापलीकडे एका बैठ्या घरात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. सकाळी साइटचा ट्रक ह्यांना घेऊन जायचा, संध्याकाळी धुळीने माखलेले परत आणून सोडायचा. दिवसभर पाइपांची ड्रॉइंगं काढायची, हे ह्यांचं काम. ह्यांची रेघ इतकी बारीक आणि सरळ असायची की घरी किराण्याची यादी लिहिली तरी ती छापल्यासारखी दिसे.

तिसऱ्या वर्षी ह्यांचं डोकं दुखायला लागलं. दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं म्हणायचे. पालघरच्या डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलून दिला. फरक पडेना तेव्हा मुंबईला मोठ्या इस्पितळात गेलो. तिथे काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. तो डोळा हळूहळू विझला. उजव्या डोळ्यासाठी थेंब दिले. डॉक्टर भला माणूस होता, त्याने खोटी आशा दाखवली नाही. जे गेलं ते परत येणार नाही आणि जे आहे ते किती टिकेल ते सांगता येत नाही, असं तो म्हणाला. मी त्या वेळी बाहेर बाकावर बसले होते, ते सारं मला फार पुढे कळलं. बाहेर येऊन ह्यांनी मला सांगितलं की उजवा डोळा चांगला आहे, पाच-सात वर्षं तरी सहज निघतील. मी विश्वास ठेवला. मला तसंच ऐकायचं होतं.

पुढल्या थंडीत एके दिवशी हे ट्रकमधून उतरले ते थेट स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "दहा दिवसांची रजा मंजूर झाली. आपण बोटीने गोव्याला जायचं." एरवी ह्यांनी भावाच्या मुंजीलासुद्धा दोन दिवसांपेक्षा जास्त रजा घेतली नव्हती. एवढं काय अडलंय असं मी विचारलं, तर म्हणाले, "डोळे आहेत तोवर बघून घेऊ. इथे राहून समुद्राबद्दल आपण नुसतं ऐकतो."

मी दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. आमच्या दारावर घिवलीची एक कोळीण मासळी घेऊन यायची. मी मासळी घेत नसे, पण ती दोन घटका पायरीवर टेकून पाणी प्यायची. तिला सांगितलं तर ती हसली. "बाय, समिंदर बगाया गोव्याला कशाला? आमच्या घिवलीला काय समिंदर नाय? पानी ता पानीच हाय." मीही हसले. ह्यांच्या डोळ्यांचं तिला मी काही बोलले नाही.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सकाळी सुटली. वरच्या डेकवर लोकांनी आधीच सतरंज्या पसरून जागा धरल्या होत्या. आम्हाला कठड्याजवळ जागा मिळाली ती रत्नागिरीच्या एका निवृत्त मास्तरांमुळे. ते आणि त्यांच्या पत्नी दर वर्षी मुंबईला मुलाकडे जाऊन ह्याच बोटीने परतायचे, त्यामुळे सगळी बोट त्यांच्या ओळखीची. त्यांनी आपली वळकटी सरकवून आम्हाला बसवून घेतलं. भोंगा वाजला आणि धक्का मागे सरकू लागला तसा मी कठडा घट्ट धरला. बोट लागेल म्हणून मी लिंबं आणली होती. मास्तरीणबाईंनी एक लिंबू माझ्या हातात दिलं आणि वास घेत राहायला सांगितलं. पण मला बोट लागली नाही. उलट तासाभरात कडकडून भूक लागली.

त्या सफरीतलं खाणं मी विसरलेले नाही. खालच्या कॅन्टीनमधून गरम उसळ आणि पाव यायचा, वर कच्चा कांदा. चहा कपात डुचमळत यायचा आणि बशीत सांडलेला आधी प्यावा लागायचा. दुपारी मास्तरीणबाईंनी डबा उघडला. मऊसूत घावन, ओल्या काजूंची उसळ आणि बाटलीत सोलकढी. ओले काजू मी जन्मात खाल्ले नव्हते. मी दोनदा मागून घेतले आणि मग स्वतःचीच लाज वाटली. ह्यांच्या ताटलीत बाईंनी भरपूर वाढलं होतं. ह्यांनी घावन संपवले, चटणी संपवली आणि हात धुवायला उठू लागले. ताटलीच्या डाव्या बाजूला उसळ तशीच होती. मी ताटली फिरवून दिली.

"अरे, ही कधी वाढली?" हे म्हणाले आणि आवडीने खाऊ लागले.

मला हसू आलं. मास्तरीणबाई हसल्या नाहीत.

जेवणानंतर पत्ते निघाले. पलीकडच्या सतरंजीवरचा एक जण चौथा गडी म्हणून आला आणि मेंढीकोट सुरू झाला. मी ह्यांच्या मागे बसले होते. ह्यांना पत्त्यांची चांगली जाण. पण त्या दिवशी हुकमाचं पान पडलेलं असताना हे भलतंच पान टाकू लागले. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा मास्तरांनी पडलेलं पान उचलून ह्यांच्या अगदी समोर ठेवलं, काही न बोलता. त्यानंतर ते प्रत्येक पान तसंच ठेवत गेले. चौथ्या गड्याने कुरकुर केली की असं पान हलवायचं नसतं. मास्तर म्हणाले, वाऱ्याने उडतं म्हणून ठेवतोय. वारा होता, पण इतका नव्हता.

मी मात्र त्या वेळी समुद्र बघत होते. किती निळा! आणि डावीकडे सगळा किनारा चालत असल्यासारखा सोबत. माडांची रांग, मध्येच लाल कातळ, मध्येच एखादं देऊळ. मला वाटलं, हे माझ्या शेजारी आहेत आणि आम्ही दोघं एकच काहीतरी बघतोय. चार वर्षांत प्रथमच मला तसं वाटलं होतं.

दाभोळ आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बोट आत बंदराला लागत नाही, बाहेरच उभी राहते. किनाऱ्याकडून पडाव येतात आणि उतारू त्यांत उतरतात. मोठमोठ्या होड्याच त्या, वल्ह्यांच्या. ट्रंका, कोंबड्या, झोळीतली तान्ही मुलं, सगळं हातोहात खाली जात होतं. कठड्याला गर्दी झाली. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं आणि सगळे डाव्या अंगाला धावले. पाण्यातून मोठे मासे उड्या मारत होते, काळेशार, पाठी चकाकत होत्या. पाच-सहा तरी असतील. एकामागून एक वर येत आणि पुन्हा आत जात. मी ह्यांचा दंड धरून दाखवू लागले. हे मान इकडून तिकडे फिरवत होते. मासे दूर गेले, दिसेनासे झाले, पाणी सपाट झालं. लोक परत जागेवर जाऊ लागले.

"दिसले?" मी विचारलं.

"हो, केवढे मोठे! तो बघ, अजून एक," हे म्हणाले, आणि रिकाम्या पाण्याकडे बोट दाखवलं.

सतरंजीकडे परत येताना मास्तरांनी मला थांबवलं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, रागावू नका. तुमच्या यजमानांना फार कमी दिसतं. तुम्हाला कल्पना आहे ना?" मी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून ते मलाच ठाऊक नाही.

जयगड यायच्या आधी मी ह्यांना कठड्याच्या टोकाला नेलं, जिथे दोर गुंडाळून ठेवले होते आणि माणसं नव्हती.

"खरं सांगा, किती दिसतं?"

ह्यांनी उजव्या हाताची मूठ सैल वळली आणि उजव्या डोळ्याला नळीसारखी लावली. "एवढं."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून कमी होत गेलं. मध्ये दिसतं, ते स्वच्छ दिसतं. कडेचं गेलं."

"मग ऑफिसात कसं करता?"

"एकेक रेघ शोधून काढतो. इतर तासात करतात ते मला दिवस लागतो. शेजारचा सांभाळून घेतो."

मी विचारलं की मला का नाही सांगितलं. हे म्हणाले, "सांगितलं असतं तर तू मला बोटीवर चढू दिलं असतंस?" आणि थोड्या वेळाने म्हणाले, "मला वाटलं होतं, इथे मोठं उघडं आहे, इथे जास्त दिसेल. पण आपण उशीर केला."

मला रडू आलं नाही. मी त्या दोरांवर बसले. हे उभेच होते, चेहरा किनाऱ्याकडे. त्या किनाऱ्याचा ह्यांना एका वेळी किती तुकडा दिसत असेल ते मी मनात मोजू लागले. एक माड. फार तर दोन.

रत्नागिरीला मास्तर आणि त्यांच्या पत्नी उतरले. बाईंनी उरलेले घावन कागदात बांधून माझ्याजवळ दिले. मास्तरांनी ह्यांचा हात दोन्ही हातांत धरला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी आली. बोट नदीच्या मुखातून आत शिरताना सगळे उठून उभे राहिले. मी ह्यांच्या मागे उभी राहून दोन्ही हातांनी ह्यांचं डोकं वळवू लागले. हा किल्ला, ते पांढरं देऊळ, नाही, चर्च, ती होडी. हे म्हणाले, "सांगू नकोस गं. माझं मला बघू दे." मी हात काढून घेतले.

पणजीत आम्ही चार दिवस राहिलो. एका बाईंच्या खाणावळीत जेवायचो. पहिल्या दिवशी मी नुसता भात आणि डाळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी न विचारता कोळंबीचं हुमण वाढलं. मी डोळे मिटून पहिला घास घेतला आणि तिखट, आंबट, नारळाची ती चव मला इतकी आवडली की मी बोटं चाटली. हे ऐकत होते. म्हणाले, "आवडलं ना? बरं झालं. मी तुला आणलं ते काही तरी कामी आलं." मी ताट बाजूला सारलं. भूक मात्र रोज लागायची. सकाळी पाववाला यायचा तेव्हा त्या वासानेच जाग यायची. माणूस आपल्या शेजारी बुडत असताना आपल्याला पावाचा वास छान वाटतो, ह्याचं मला फार वाईट वाटायचं.

ह्यांनी तिथे एकच गोष्ट नीट पाहिली. जुन्या वस्तीत एका घराला शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी होती. लाकडाच्या बारीक चौकटीत शिंपले घासून बसवलेले. हे तिच्यासमोर उभे राहिले आणि एकेक चौकट बघत गेले, वरून खाली, मग पुढची ओळ. तासभर तरी झाला असेल. घरातल्या माणसाने बाहेर येऊन काय हवंय म्हणून विचारलं. ह्यांनी त्याला विचारलं की सांधे कसे जोडलेत. त्या माणसाला माहीत नव्हतं. हे म्हणाले, "काम फार सफाईदार आहे," आणि तिथून निघाले. वाटेत पायरी चुकली आणि गुडघ्यावर पडले. पँट फाटली. मी उचलायला गेले तर हात झटकला, पहिल्यांदाच.

परतीची बोट सकाळी निघाली, म्हणजे जाताना अंधारात गेलेली बंदरं ह्या वेळी दिवसाउजेडी येणार होती. वेंगुर्ला आलं, मालवण आलं. मालवणला पडावातून कुणी खाजं विकायला आणलं होतं. लोक वरून टोपल्या सोडत होते. हे सतरंजीवर चादर ओढून पडले होते. देवगड आलं तेव्हा मी हलवलं. "उठा, देवगड आलं. किल्ला दिसतोय."

"तू बघ," हे चादरीतूनच म्हणाले.

मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. किल्ला होता, पडाव होते, माणसं चढत-उतरत होती. मी त्या सगळ्याकडे पाठ करून सतरंजीवरच्या त्या चादरीकडे बघत राहिले. बोट सुटली तरी तशीच.

पुढचं लवकर आटपलं. पावसाळ्याआधीच ह्यांच्या हातून एक ड्रॉइंग मोठं चुकलं. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. ह्यांना स्टोअरमध्ये बसवलं, येणाऱ्या मालाच्या चिठ्ठ्या तपासायला. चार महिने तेही जमलं. मग चिठ्ठ्यासुद्धा दिसेनात. आम्ही बोईसरच्या खोल्या सोडल्या आणि बार्शीला थोरल्या दिरांकडे राहायला गेलो. त्यांनी मागची खोली दिली. वर्षभरात उजवा डोळाही पूर्ण गेला. हे दिवसभर त्या खोलीत खाटेवर बसायचे. शिकवण्या घ्या, कुणाला हिशोब तोंडी शिकवा, असं दीर सुचवायचे. हे नको म्हणायचे. नंतर दिरांनी सुचवणं सोडलं.

एका दुपारी जाऊबाईंनी शेंगा फोडता फोडता मला गोव्याचं विचारलं. गोवा कसा आहे, बोटीत काय करतात, भीती नाही का वाटत. मी सांगत सुटले. मास्तर, घावन, पडाव, खिडकी, उड्या मारणारे मासे. आम्ही दोघांनी कठड्याला टेकून मासे पाहिले असं सांगितलं. पणजीत शिरताना हे मला एकेक नाव सांगत होते असंही सांगितलं. देवगडचा किल्ला ह्यांना फार आवडला म्हटलं. जाऊबाई म्हणाल्या, तुमची तरी हौस झाली.

नंतर मी खोलीत गेले. हे भिंतीकडे तोंड करून बसले होते. दार पातळ होतं, सगळं ऐकू गेलं असणार.

"तू सांगितलंस ते सगळं मी पाहिलं होतं का?" ह्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

"हो," मी म्हणाले.

ह्यांनी मान हलवली. मग पाणी मागितलं. मी तांब्या हातात दिला, आणि ह्यांचं पिऊन होईपर्यंत तिथेच उभी राहिले. त्यानंतर गोव्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.