जिनसेंगचं झाड शोधायला महालात

महिन्याभरापूर्वी सीताबर्डीच्या फुटपाथवरून मी स्मरणशक्तीसाठी 'कोरियन जिनसेंग'ची मुळी आणली. रोज सकाळी चमचाभर पूड. आठव्या दिवशी चौथीतली कविता, साठ वर्षं हरवलेली, अख्खी आठवली! मग रोज एक येऊ लागली. सौ. मात्र म्हणाली, "अवो, कशाची मुळी हाये ते आज विचारून या. नाही तर उद्या डबा कचरागाडीत."

डब्याबरोबर कविताही जातील या धास्तीनं उरलेली मुळी खिशात घालून निघालो.

मनीषनगरातून ऑटो, पुढे मेट्रो. दहाच्या आत निघा, खिडकी मिळते. वरून शहर भूगोलाच्या पुस्तकातल्या रंगीत पानासारखं दिसतं. सीताबर्डीत उतरून तर्री-पोहे खाल्ले आणि विक्रेत्याला गाठलं.

"काकाजी, एकदम असली. महालातून आणतो."

"आणि महालात कुठून येते?"

"ते महालात विचारा नं!"

महाल या जुन्या वस्तीतल्या जडीबुटीवाल्या शेठजींनी हात झटकले. "आमच्याकडे पोतं येते, झाड येत नाही."

जवळच माझा वर्गमित्र मधुकर राहतो. त्याच्या घरी पूर्वी हातमाग होते. "थांब गा, खरंखोटं मी सांगतो," म्हणत त्यानं मुळीचा तंतू ओढून काडीनं पेटवला. रेशीम असंच पारखतात म्हणे, केस जळल्याचा वास यायला हवा. आम्ही दोघांनी नाकं खुपसली. वास भाजल्या रताळ्याचा.

"रेशीम नाही, एवढं पक्कं," मधुकर गंभीरपणे म्हणाला.

"काय जाळून राहिला रे मधू?" त्याची थोरली बहीण कुंदाताई बाहेर आली. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. तिनं मुळी आडवी कापली. आत वर्तुळांत वर्तुळं. मग अंगणातला गुलबास उपटून त्याचं मूळ कापलं. तीच वर्तुळं!

"खऱ्या जिनसेंगच्या मानेवर गळलेल्या खोडांचे वर्षावर्षाचे वण असतात. तुमच्या मुळीले मानच नाही. गुलबास आहे हा. थंड डोंगरातल्या झाडाच्या नावानं खपवतात."

"पण कविता आठवतात नं मले!"

"कविता माहीत नाही. गुलबासाच्या मुळानं जुलाब होतात."

घरी येऊन खरं ते सांगितलं. सौ. हसता हसता खाली बसली. "म्हणूनच रोज सकाळी तास-तास संडासातून कविता ऐकू येऊन राहिल्या होत्या!"

डबा गेला. आज सकाळी पोटाची काहीच तक्रार नव्हती, तरी आत जाऊन बसलो. पहिलं कडवं आलं. दुसऱ्याच्या मध्यात अडलो.

पुढची ओळ दाराबाहेरून तिनं म्हटली.