पहारीने ढकललेले रूळ

प्रेमानंदच्या हातून एक दिवस कुणाचा तरी जीव जाईल, ही धास्ती त्याच्या आईला, प्रेमिलाबाईंना, तो शाळेत होता तेव्हापासून. संक्रांतीला पतंग कापला म्हणून त्यानं शेजारच्या पोराचा हात पिरगाळून मोडला होता. वडील, मनोहरराव, तेव्हा हयात होते. त्यांनी पट्ट्यानं त्याची पाठ सोलून काढली, पण कार्टं हूं की चूं करेना. मार खाऊन तो मऊ पडला नाही, मारायला शिकला.

डिप्लोमा झाला, हिंगण्याच्या कारखान्यात सुपरवायझर झाला, तेव्हा बाईंना वाटलं, सुटलो. कारखाना पहाडातल्या रेल्वेसाठी रूळ कापून, भोकं पाडून पाठवायचा. घाटाच्या वळणांवर चाकं रूळ खरवडून काढतात, म्हणून तिथे खास कडक पोलाद लागतं.

"कडक आहे म्हणूनच जपावं लागते वं आई," तो सांगायचा. "उंचावरून पडला का आत तडा जाते. वरून काही दिसत नाही."

गेल्या आठवड्यात रूळ उतरवायची क्रेन दुसरीकडे अडकली. हमालांचा मुकादम गोलू थांबायला तयार नव्हता. त्याच्या माणसांनी पहारी लावून ट्रेलरवरचे रूळ सरळ खाली ढकलले.

"काहून बे, विटा उतरवून राहिला का?" प्रेमानंद धावत आला.

"लोखंड हाय साहेब, तुमच्या बायकोच्या बांगड्या नाही!"

माणसं खिदळली. प्रेमानंदनं पहार हिसकावली आणि गोलूच्या तोंडावर हाणली. जबडा फुटला, दात मातीत पडले. गोलू आडवा झाला तरी तो मारतच राहिला. चौघांनी मिळून त्याला ओढून बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोलूचे भाऊ सळया घेऊन घरात शिरले. बाई मध्ये पडल्या, त्यांचं मनगट मोडलं. प्रेमानंदचं डोकं फुटून भिंतीवर रक्त उडालं.

आज सकाळी कारखान्याचे मालक आले. चहा घेतला.

"मावशी, गोलू तक्रार करत नाही. मी समजावलं त्याले. फक्त तुमच्या पोरानं त्या रुळांचं नाव काढू नये. माल उद्या पहाडात निघते."

"नाही काढत," प्रेमानंद म्हणाला, मान खाली घालून.

ही मान खाली गेलेली पाहायला बाईंनी जन्म काढला होता. आज ती त्यांना पाहवली नाही.

मालक गेल्यावर त्या म्हणाल्या, "रेल्वेच्या तपासणी साहेबाचा नंबर लावून दे."

"आई, माल अडकला का मालक गोलूले पोलिसात धाडन. मी आत जाईन."

"जाशील. जबडा तूच फोडला ना? त्या गाडीत बसणाऱ्यांनी तुझं काय केलं गा?"

त्यानं फोन मुठीत आवळला, दुसरी मूठ वर उचलली. बाई जागच्या हलल्या नाहीत. मूठ बाजूच्या दारावर बसली, फळी फुटली, बोटांतून रक्त आलं.

बाईंनी त्याच्या हातातला फोन ओढून घेतला आणि त्यातला तपासणी साहेबाचा नंबर लावला.