गिरणीवाल्यांचा क्लोजअप

मराठी सिनेमाला नवी दिशा देण्याचं ऐतिहासिक कार्य कोल्हापुरातल्या चार पदवीधरांच्या हातून होणार होतं. चौघांनाही दुसरं काम नव्हतं.

दोन हजारच्या आसपासची गोष्ट. सिनेमा विनोदी होता आणि आमच्याबद्दलच होता. चार पोरं तालमीच्या कट्ट्यावर बसतात आणि काही करत नाहीत. ते काही न करणं टिपायला आम्ही महिनाभर रोज पहाटे उठलो. घरच्यांनी आम्हाला एवढं राबताना कधी पाहिलं नव्हतं. संवाद माझे. नुकत्याच काही भाषांतरित कादंबऱ्या वाचल्या होत्या, त्यामुळे शेवटी नायकाला जगण्याच्या अर्थावर चार पानांचं भाषण दिलं होतं.

दिग्दर्शक आमच्यातलाच. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. त्यांनी बजावलं होतं, "दिवाळीला पिक्चर दाव. बघण्याजोगा असला तर बघू. न्हाय तर पाडव्यापासनं गिरणीत बसायचं."

कॅमेरावाला एरवी लग्नांचं शूटिंग करायचा. लग्नसराई नव्हती म्हणून तो मिळाला. त्यानं काय टिपलंय हे आम्ही थेट एडिटिंगला बसल्यावरच पाहिलं. भाषणाचं पहिलं वाक्य संपेपर्यंत नायक दिसतो. मग कॅमेरा त्याला सोडून शांतपणे शूटिंग बघायला जमलेल्या गल्लीकडे वळतो आणि एकेका चेहऱ्यावर थांबत जातो. कुणी केस सारखे करतं, कुणी पदर सावरतं. मागून जगण्याचा अर्थ ऐकू येत राहतो.

"हे काय केलंस मर्दा?" दिग्दर्शकानं विचारलं.

"पावणं वगळायचं नसतंय भावा. एखादा ऱ्हायला की शिव्या मला बसत्यात."

पुन्हा शूटिंग करायला वेळ नव्हता. दिवाळी चार दिवसांवर आली होती.

वसुबारसेला तालमीच्या हॉलमध्ये टीव्ही मांडला. अख्खी गल्ली आली. विनोदाच्या जागा सोडून लोक सगळीकडे हसले. मग भाषण सुरू झालं आणि हॉलमध्ये गलका उठला.

"ती बघ तुझी आत्या."

"गप की, आता मी येतोय."

आणि पडद्यावर गिरणीवाले आले. भाषणाच्या शूटिंगच्या दिवशी दळणाची गर्दी झाली म्हणून पोराला ओढून न्यायला ते कट्ट्यावर आले होते, भुवयांवर पीठ तसंच. आधी डोळे वटारलेले. मग त्यांना कॅमेरा दिसतो. ते रुमालानं तोंड पुसतात आणि हसतात.

दिग्दर्शक माझ्या शेजारी मान खाली घालून बसला होता. पुढच्या रांगेतून वडिलांचा आवाज आला, "मागं घे. परत लाव."

तीनदा लावलं. सिनेमा संपल्यावर ते उठले आणि धोतर झटकत म्हणाले, "पिक्चर बरा हाय की. मागनं कोण बडबडतंय तेवढं काढा." दारापर्यंत जाऊन ते वळले आणि पोराला म्हणाले, "आणखी एक वरीस बघ करून."

त्या वर्षात दिग्दर्शकानं हुपरीतली तीन लग्नं आणि एक जावळ शूट केलं.