कोरडा शाफ्ट

अलिबाग-रेवदंडा रस्त्यालगतच्या आमच्या सुपारीच्या वाडीत, मागच्या शेडमध्ये, बाबांनी पुठ्ठ्याच्या पेट्यांचा कारखाना काढला होता. ते थकल्यावर दादा तो चालवू लागला. मी मुंबईत वर्तमानपत्रात. सुट्टीला जायचो तेवढाच संबंध.

पुठ्ठ्याला खाचा पाडणाऱ्या यंत्रात फिरत्या शाफ्टवर पात्यांची चाकं असतात. पेटीचं माप बदललं की चाकं हलवावी लागत. चाक शाफ्टला जखडणारी पोलादी पाचर, म्हणजे चावी, हातोडा मारून काढायची, चाक सरकवायचं, चावी पुन्हा ठोकायची, माप चुकलं की सगळं पहिल्यापासून. त्यात अर्धा दिवस जाई. पनवेलकडच्या कारखान्यांत हे काम चहा होईपर्यंत उरकत असे. आमच्या ऑर्डरी एकेक करून तिकडे गेल्या. आंब्याच्या पेट्या घेणारा एक व्यापारी उरला होता. तो गेला तर शेडला कुलूप, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दादाने हायड्रॉलिक बुश आणले. दुहेरी भिंतीची पोलादी नळी, भिंतींच्या मध्ये ग्रीस कोंडलेलं. एक स्क्रू आवळला की दाब सगळीकडे सारखा पसरतो. आतली भिंत शाफ्ट पकडते, बाहेरची चाक. चावी नाही, हातोडा नाही.

बाबांनी एक बुश हातात फिरवून पाहिला. "एका स्क्रूवर एवढं चाक? माझी लुंगी तरी गाठ मारून राहते."

"राहते कुठे, सारखी तर सावरत असता," दादा म्हणाला.

व्यापाऱ्याने दोन-तीन मापांच्या पेट्या मागवल्या. त्या वेळेवर गेल्या. मी त्याच आठवड्यात घरी होतो. चौथ्या दिवशी टेम्पो परत आला. खाचा कुठे लांब, कुठे आखूड पडल्या होत्या. तळाचे फ्लॅप जुळत नव्हते आणि उचलल्यावर आंबे खाली येत होते.

दादाने शाफ्टवर आणि बुशवर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढली आणि यंत्र चालवलं. थांबवलं तेव्हा रेघेचे दोन तुकडे झाले होते. बुश घसरत होता. त्याने स्क्रू सैल करून चाक बाजूला सरकवलं, खालच्या शाफ्टवरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग बोट माझ्यापुढे धरलं. यंत्राचं तेल आणि थोडं रॉकेल. तो वास आम्ही लहानपणापासून ओळखत होतो.

आमच्याकडे उघडं लोखंड कोणी कोरडं ठेवत नाही. खाऱ्या वाऱ्याने रात्रीत तांब, म्हणजे गंज, चढते. विळी, कोयता, दाराच्या कड्या, सगळ्यांवर तेलाचा हात फिरतो. रोज शेड बंद करताना बाबा अजूनही तेलाचं फडकं घेऊन शाफ्ट पुसत. चावीच्या काळात ते योग्यच होतं. बुशची पकड मात्र कोरड्या धातूवर कोरडा धातू दाबून बसते. सकाळी चाकं त्याच तेलावर सरकवली जात होती.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय निघालं?"

"बुशच खराब निघाले, बाबा."

"मी काय म्हणालो होतो?" बाबा म्हणाले. त्यांचा आवाज बऱ्याच दिवसांनी मोकळा होता.

ते गेल्यावर मी दादाला विचारलं, खरं का सांगितलं नाहीस.

"सांगून त्या पेट्यांची बुडं जुळणार आहेत का?"

त्याने थिनरने शाफ्ट पुसला आणि व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापाऱ्याने पनवेलला ऑर्डर देऊन टाकली होती. पिकलेला आंबा वाट बघत नाही, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. त्या संध्याकाळी बाबा फडकं घेऊन गेले, तेव्हा दादाने त्यांना अडवलं नाही.

पावसाळ्याआधी यंत्र विकलं. घेणाऱ्याच्या मिस्त्रीने शाफ्टवर तळवा फिरवला. "समुद्राकाठचं मशीन, पण गंज कुठे नाय."

"रोज पुसायचो," बाबा म्हणाले.

दादा ट्रकवर दोर आवळत होता. त्याने वर पाहिलं नाही.