मामीची झील

भूतखेत, करणी, भानामती... यातलं मी काहीही मानत नाही. कुणा बाईच्या अंगात आलं तर मी तिला प्यायला पाणी देते, पाया पडत नाही. तरीही हे लिहितेय.

गोष्ट तामलवाडीची, साठ सालानंतरची. माझे मामा शेती करत आणि एकतारीवर स्वतः रचलेली गाणी म्हणत. साथीला फक्त मामी. मामांची ओळ संपली की ती मागून उचलायची, झील ओढायची. चाल बांधतानाच मामा तिच्यासाठी जागा ठेवत. पुढे मामी दम्यानं गेली. शेवटी शेवटी तर तिला धड बोलवतही नव्हतं. त्यानंतर मामा एकटेच गात, पण त्या जागा तशाच ठेवत... तेवढा वेळ नुसती एकतारी वाजायची.

माझ्या थोरल्या भावानं, दादानं, हैदराबादहून सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर आणला. मामीचा आवाज टेप करायचा राहून गेला, निदान मामांचा तरी राहावा म्हणून.

"मामा, मधी थांबू नका. टेप वाया जाती."

"तिथं म्या न्हाय गात. ती जागा तिची हाय."

भर दुपार होती. दार लावलेलं. खोलीत मामा, दादा, वहिनी आणि मी. मामा डोळे मिटून नवं गाणं गायले. आम्ही खोकलोसुद्धा नाही. मग दादानं टेप मागं घेऊन लावली.

पहिली ओळ संपली आणि झील आली. मामीची! वहिनीनं माझा हात घट्ट धरला. मामीनं कधी न ऐकलेलं गाणं — आणि शब्द बरोब्बर.

मामा मात्र शांत. "ब्येस झालंय. पर मधी लई मोकळं वाटतंय."

"मामा... मामी म्हणतीय की!" दादा ओरडलाच.

मामांनी टेपरेकॉर्डरला कान लावला. दादानं टेप पुन्हा लावली, पुन्हा लावली. आम्हा तिघांना स्वच्छ ऐकू येत होतं, मामांना फक्त एकतारी. ते ढसाढसा रडले. मग मला म्हणाले, "पोरी, धाप लागतीया का गं तिला?"

"न्हाय मामा. एका श्वासात ओळ पुरी करतीय."

"मग बास," म्हणाले, आणि एकतारी खुंटीला अडकवून शेताकडं गेले.

रीळ नवंकोरं होतं. त्यावर आधी काहीच भरलेलं नव्हतं. मी पुष्कळ डोकं लढवलं, कारण आजतागायत सापडलं नाही. पण ज्याच्यासाठी ती गायली त्याला सोडून आम्हाला का ऐकू आलं? आवाज कुठून आला ते राहू द्या... मला अजून राग येतो तो याचा.