तपासणीच्या दिवशी

चौथीच्या बाईंना सरकारी शाळेत लागून बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत त्यांच्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत झाली नव्हती. वर्गात छप्पन्न मुलं. तिसरीच्या शिक्षकाची जागा दोन वर्षं रिकामी, त्यामुळे ती मुलंही अधूनमधून बाईंच्याच गळ्यात. शिवाय घरोघरची मोजणी, मतदारांच्या याद्या, आणि मोबाईलवर रोज भरायच्या माहितीचा ससेमिरा. या सगळ्यातून फळ्यापुढे उभं राहायला सवड मिळेपर्यंत घसा बसलेला असायचा.

त्या वर्षी मुख्याध्यापक निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागेसाठी बाईंचं नाव पुढे होतं.

"खुर्ची तुमचीच आहे, बाई," मुख्याध्यापक म्हणाले. "फक्त तेवढी तपासणी नीट पार पडू द्या. साहेब प्रत्येक मुलाला वाचायला लावतात म्हणे. एकही पोर अडखळायला नको."

बाईंच्या वर्गात चार पोरं अडखळणारी होती. अडखळणारी कसली, त्यांना वाचताच येत नव्हतं. आणि का येत नव्हतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. अर्धं वर्ष त्या याद्या घेऊन लोकांच्या पायऱ्या झिजवत होत्या.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी चौघांना बाजूला घेतलं. "उद्या तुम्हाला सुट्टी. घरीच थांबा."

तिघांनी उड्या मारल्या. चौथी मात्र तिथेच उभी राहिली. एवढीशी, किरकोळ अंगाची. सगळे तिला चिमणी म्हणत. "आणि बाकीच्यांना?" तिने विचारलं.

"बाकीच्यांना शाळा आहे. जा आता."

दुसऱ्या दिवशी चिमणी सगळ्यांच्या आधी हजर. वेण्या घट्ट बांधलेल्या, गणवेशाला कडक इस्त्री. "आई म्हणाली, शाळेत साहेब येणार आणि तू घरी बसून काय करतेस?"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. बाईंनी चिमणीचं मनगट धरलं आणि तिला व्हरांड्याच्या टोकाच्या सामानाच्या खोलीत नेलं. मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, खडूंची खोकी.

"हे खडू रंगाप्रमाणे लाव. मी बोलवीपर्यंत बाहेर यायचं नाही. आणि आवाज अजिबात नाही करायचा, हं!"

तपासणी झकास झाली. साहेबांनी धडा काढायला सांगितला, बाईंनी पन्नासदा घोटून घेतलेला धडा काढला, आणि मुलांनी तो घडाघडा वाचला.

"एवढ्या मुलांत एकही मागे नाही? कमाल आहे तुमची, बाई!"

बाई हसल्या. मग कार्यालयात चहा झाला, फोटो झाले. दुपारभर जो तो येऊन हात जोडून जात होता. शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तेव्हा दुसऱ्या बाकावर एक दप्तर तसंच पडलेलं दिसलं.

बाई सामानाच्या खोलीकडे धावल्या. खोलीला बाहेरून कुलूप होतं.

"मला काय माहीत आत कुणी आहे म्हणून?" शिपाई चाचपडत किल्ली शोधू लागला. "साहेब येणार, रिकाम्या खोल्या बंद ठेवा, असं सरांनीच सांगितलं होतं."

दार उघडलं. चिमणी कोपऱ्यात बसली होती. खडू ओळीने लावलेले होते. तिचा स्कर्ट ओला झाला होता. ती रडत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "मी अजिबात आवाज केला नाही."

बाईंनी तिला आपली शाल गुंडाळली आणि घरी नेलं. आई शिलाई मशीनवर बसलेली. लेकीला त्या अवस्थेत पाहून ती उठलीच. बाईंनी तोंड उघडलं, आणि सगळं सांगायच्या ऐवजी भलतंच निघून गेलं.

"खेळता खेळता सामानाच्या खोलीत गेली वाटतं. चुकून बाहेरून कुलूप लागलं."

चिमणीने एकदा वर पाहिलं, मग मान खाली घातली.

"किती वेळा सांगितलं, नको तिथे शिरत जाऊ नकोस म्हणून!" आई तिच्यावर डाफरली. मग बाईंकडे वळून म्हणाली, "तुम्ही स्वतः आणून सोडलंत. फार उपकार झाले, बाई."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. तरीही त्या तशाच परत फिरल्या. घरी नवरा म्हणाला, "या, मुख्याध्यापक बाई!" बाईंनी ताट बाजूला सारलं.

दोन दिवस चिमणी शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई पुन्हा त्या घरी गेल्या आणि दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं. सुट्टी का दिली, कोंडलं कुणी, खोटं कोण बोललं.

मशीन थांबलं.

"म्हणजे त्या दिवशी मी तिला उगाच मारलं," एवढंच आई म्हणाली.

बाईंनी तिथून थेट शाळेत येऊन साहेबांना पत्र लिहिलं. चार मुलांना वाचता येत नाही, मी त्यांना तुमच्यापासून लपवलं, आणि एकीला तर दिवसभर कोंडून ठेवलं.

मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. "स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेताय. सगळीकडे असंच चालतं, बाई!"

"माहीत आहे, सर. मीही चालवलंच की."

लेखी ताकीद आली, ती सेवापुस्तकात चिकटवली गेली. खुर्चीवर दुसऱ्या शाळेतले एक गुरुजी येऊन बसले. तिसरीची जागा रिकामी ती रिकामीच. नव्या याद्यांचा गठ्ठा मात्र वेळेवर आला. शिक्षकांच्या खोलीत कुजबुज चाले आणि बाई आत शिरल्या की थांबे.

शाळा भरण्याआधी अर्धा तास त्या चौघांना घेऊन बसू लागल्या. चिमणीला तिची आई दारापर्यंत सोडायला येई आणि एक अक्षर न बोलता परत फिरे. बाई कुणालाच मोठ्याने वाचायला लावत नसत. मुलं बोट ठेवून हळू वाचत, अडली की विचारत. चिमणी मात्र कधीच विचारत नसे.

वर्ष संपत आलं तेव्हा एकदा मधल्या सुट्टीत बाईंना खिडकीतून आवाज आला. चिमणी पहिलीतल्या एका मुलीला गोष्ट वाचून दाखवत होती. थांबत थांबत, जोडाक्षरांवर जोर देत, पण वाचत होती. बाई कौतुकाने आत गेल्या.

चिमणीने पुस्तक मिटलं आणि उठून उभी राहिली.

"वाच ना," बाई म्हणाल्या.

ती मान खाली घालून तशीच उभी राहिली. शेवटी बाईच बाहेर आल्या आणि व्हरांड्यात बऱ्याच लांब जाऊन थांबल्या.