डोंगरकड्याचं तोंड हिमाचलात

माझ्या तोंडापायी माझ्या लेकीची सोयरीक मोडता मोडता राहिली. बोलण्यापायी म्हणत नाही (ते भांडण घरात रोजचंच आहे!), तोंडावरच्या कातडीपायी.

आमची शुभी शिकली, हिमाचलात एका सफरचंदाच्या कंपनीत नोकरीला लागली आणि तिथला विक्रम तिला आवडला. पोरगं गुणी. त्याला आईबाप नाहीत, आत्यानं वाढवलेलं. घरात शेवटचा शब्द या आत्याबाईंचा. सगळे त्यांना बुआजी म्हणतात.

"बाबा, बुआजी पोरीच्या बापाचा चेहरा बघून काय ते ठरवतात," शुभी फोनवर म्हणाली. "आधीचं एक स्थळ त्यांनी चहा पिण्याआधीच परत पाठवलं. तुम्ही अन् आई त्यांना भेटायला येताय, म्हणून सांगते ते ऐका. इकडं हवा लई कोरडी हाय. कढत पाणी घेऊ नका, साबण कमी लावा, अंग ओलं हाय तवरच जाड क्रीम चोळा. ओठाला मलम. अन् उन्हाचं क्रीम विसरू नका."

"अगं, बर्फात कसलं आलंय ऊन?"

"बाबा!"

"बरं बाई, बरं!" म्हणालो आणि पिशवीत गुपचूप माझा पावडरचा डबा टाकला. आमच्या डोंगरकडा गावात माणूस आंघोळ करून दारात येईस्तोवर घामानं पुन्हा आंघोळ होते. पावडर थापली नाही तर गडी दुपारपर्यंत टिकत नाही. उभा जन्म माझं तोंड पावडरीवर पोसलंय, ते काय दोन डोंगर चढल्यावर बदलणार?

बदललं की हो! शुभीच्या खोलीवर कढत पाण्याचा नळ मिळाला. मी दोन दोन बादल्या अंगावर घेतल्या, साबणाचा फेस काढला आणि वरून पावडर. बाहेर बर्फावर ऊन चकाकत होतं, तिथं तोंड वर करून डोंगर बघत बसलो. दोन-तीन दिवसांत गाल मे महिन्यातल्या काळ्या रानासारखे फाटले. नाक सोललं. एकदा हसायला गेलो तर ओठ उलला, म्हणून हसणं बंद केलं. शुभी रोज तिची क्रीमची डबी पुढं करायची आणि मी रोज म्हणायचो, "ठेव, लावतो!"

बुआजींकडे जायचा दिवस उजाडला. शुभी सकाळी कामावर गेली, दुपारी येऊन आम्हाला नेणार होती. मी आरशात पाहिलं. हे तोंड बघून कोण आपल्या लेकराची सोयरीक करील?

"अवो, इतकं काहून घाबरून राहिले?" शुभीची आई म्हणाली. "टाच फुटल्यावर आपण काय लावतो? हळद अन् तूप!"

हे मात्र बराबर होतं. बुआजींना भेट म्हणून आमच्याच रानातली हळद आणली होती. हिनं पुडा सोडला, तूप घेतलं.

"चिमूटभर बस," ती म्हणाली.

"चिमूटभर टाचेला. तोंड केवढं हाय बघ!" असं म्हणून मी मूठभर कालवली. (अख्खी पंचक्रोशी हळद पिकवते, पण तोंडाला किती लावावी हे एकाही शेतकऱ्याला ठाऊक नसतं. ते खातं बायकांकडे!)

थापली आणि बसलो. तोवर थंडीनं तूप थिजलं आणि तोंडावर पापुद्रा बसला. तो खरवडून काढला, साबणानं घासलं, चण्याच्या पिठानं घासलं. तूप गेलं वाटलं, हळद जागची हलेना. आमच्या हळदीचा रंग बाजारात सगळ्यांत भारी म्हणून मी आयुष्यभर छाती फुगवली, आज तीच छाती धडधडत होती. पांढरी मिशी तर केशरी झाली होती!

शुभी आली. दारातच मटकन खाली बसली.

"बाबा... हे काय करून ठेवलं?" आणि लेकरू रडायलाच लागलं. "बुआजी न्हाई म्हणल्या तर विक्रम त्यांच्या शब्दाबाहेर जायचा न्हाई."

खरं सांगतो, तेव्हा मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण गाल फाटलेले. शेवटी माकडटोपी चढवली, वर मफलर गुंडाळला, नुसते डोळे उघडे ठेवले आणि निघालो.

बुआजींच्या खोलीत मधोमध लोखंडी शेगडी धगधगत होती. विक्रमशेजारी मी टोपीसकट बसलो. थोड्या वेळात घाम फुटला आणि कातडीत मुरलेलं तूप वितळलं. पांढऱ्या मफलरवर पिवळे ओघळ उतरायला लागले.

बुआजी टक लावून बघत होत्या. "टोपी उतारिए, भाईसाहब."

उतरवली.

"पीलिया हुआ है क्या?" त्यांना वाटलं, मला कावीळच झाली.

"नहीं नहीं!" शुभीची आई घाईनं म्हणाली. "हल्दी है. हमारे खेत की. असली!"

"मुँह फट गया था," मी म्हणालो. "बेटी बोली थी क्रीम लगाओ, मैंने सुना नहीं. सब मेरी गलती. बच्ची को मत नकारना जी."

बुआजी उठल्या. माझ्यासमोर आल्या. गालावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे पाहिलं. शुभीनं डोळे मिटून घेतले. आणि बुआजींनी तोच अंगठा आधी विक्रमच्या कपाळाला टेकवला, मग शुभीच्या!

"शगुन हो गया, रिश्ता पक्का," त्या म्हणाल्या आणि पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता सांगितलं, की त्या एकदा उन्हाळ्यात नागपूरला लग्नाला गेल्या आणि तिथंही आपलं डोंगरातलं जाड क्रीम थापत राहिल्या. तोंडभर घामोळ्या आल्या, सगळी वरात त्यांना सोडून नवरीकडे बघायलाच तयार नव्हती! मग त्यांनी जर्दाळूचं तेल आणलं आणि धाकट्या भावाला लावावं तसं स्वतः माझ्या तोंडाला चोळलं. छातीवरचा धोंडा उतरला. डोळे भरून आले, ते मी तेलावर ढकललं.

शुभीची आई कानाशी लागली, "अवो, आपल्याकडं नवरदेवाची उष्टी हळद नवरीला लावतात. हितं सासऱ्याची उष्टी जावयाला लागली!"

लग्न मे महिन्यात डोंगरकड्याला झालं. बुआजी गाडीतून उतरल्या, तशी मी आधी पावडरचा डबा त्यांच्या हातात दिला. हळदीच्या दिवशी बायका माझ्याही मागं वाटी घेऊन लागल्या, "दादा, तुमालाबी लावू द्या की जराशी!"

मी हात जोडले. "माय हो, दुसऱ्या कुणाला लावा. माझ्या मिशीतली मागचीच अजून निघायची हाय!"